१९४८ ची साक्ष आणि आपली जबाबदारी



दरवर्षी १७ सप्टेंबरला धाराशिव जिल्ह्यातील शाळांत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. मुले रझाकारांच्या अत्याचारांविषयी भाषणे ऐकतात. मग एखादे मूल घरी येऊन आजीला विचारते, "रझाकार म्हणजे आपणच का?" अनेक घरांत या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. वडीलधारी माणसे 'पोलीस ॲक्शन' एवढेच शब्द उच्चारतात आणि गप्प होतात. हे मौन ईमानधारकाला शोभते का?

पवित्र कुरआनात साक्षीविषयी दोन आदेश आहेत. सूरह अन्-निसाच्या १३५ व्या आयतीत अल्लाह सांगतो की, न्यायावर ठाम राहून साक्ष द्या, मग ती स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध किंवा नातलगांविरुद्ध का जाईना. सूरह अल्-माइदाच्या ८ व्या आयतीत तो बजावतो की, एखाद्या समूहाच्या वैरामुळे न्याय सोडू नका. न्याय हाच ईशपरायणतेच्या अधिक जवळ आहे. १९४८ च्या इतिहासाकडे पाहताना हे दोन्ही आदेश एकत्र पाळावे लागतात.

पहिली साक्ष आपल्याच लोकांविरुद्धची आहे. 'रझाकार' या शब्दाचा अर्थ स्वयंसेवक. लातूरला वकिली करणाऱ्या कासिम रझवीच्या नेतृत्वाखाली या स्वयंसेवकांनी निजामाच्या राज्यात गावे लुटली, निरपराध हिंदूंना ठार मारले आणि खंडण्या वसूल केल्या. या भागातील कितीतरी कुटुंबे घरदार सोडून बार्शी-सोलापूरकडे गेली. हे सर्व इस्लामच्या नावाने झाले, म्हणून आपली लज्जा अधिक असली पाहिजे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकविले आहे की, भाऊ अत्याचारी असेल तर त्याचा हात रोखणे हीच त्याला खरी मदत होय. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्लाह खान यांनी लेखणीने तो हात रोखण्याचा प्रयत्न केला. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. त्यांचे नाव आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

दुसरी साक्ष आपल्यावर झालेल्या अन्यायाची आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गमार्गे राज्यात शिरले आणि पाच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर जे घडले ते शाळेच्या भाषणात येत नाही. केंद्र सरकारच्या वतीने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये राज्याचा दौरा केला. संपूर्ण राज्यात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. त्यांपैकी किमान १८ हजार उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांतील होती. तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेल्या लातूरमध्ये वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली. सुमारे दहा हजार मुस्लिमांपैकी जेमतेम तीन हजार शहरात उरले. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला.

रझवीच्या गुन्ह्याची शिक्षा ज्यांना मिळाली, त्यांत रझाकारांशी काडीचा संबंध नसलेले शेतकरी, कारागीर, स्त्रिया आणि मुले होती. कोणताही जीव दुसऱ्याच्या पापाचे ओझे वाहणार नाही, हा कुरआनचा नियम (सूरह अल्-अन्आम, १६४) दोन्ही बाजूंनी मोडला गेला. म्हणूनच तो आज आपणही मोडता कामा नये. त्या काळच्या मारेकऱ्यांचा हिशेब आजच्या शेजाऱ्याकडे मागणे हाही अन्यायच होय.

तिसरी साक्ष कृतज्ञतेची आहे. त्याच अहवालात नोंद आहे की, अनेक हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुस्लिम कुटुंबांना आश्रय दिला. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुस्लिम विणकर बांधवांच्या रक्षणासाठी प्राणही गमावले. उपकार विसरणे हे श्रद्धावंताचे लक्षण नाही.

दक्षिण आफ्रिकेत वंशभेदी राजवट संपल्यावर नेमलेल्या सत्य व सलोखा आयोगाने त्या राजवटीच्या अत्याचारांबरोबर मुक्तिलढ्यातील लोकांच्या हातून झालेले अत्याचारही नोंदविले. सलोख्याचा मार्ग पूर्ण सत्यातूनच जातो, ही त्यामागची जाणीव होती. अर्धे सत्य सूडाला खतपाणी घालते, आणि मौन भीती पुढच्या पिढीकडे सोपवते.

तेव्हा यंदाच्या १७ सप्टेंबरला मुलांना जवळ बसवा. रझाकार ही एक संघटना होती, संपूर्ण मुस्लिम समाज नव्हे, हे सांगा. पण त्यांत आपले लोक होते, हेही लपवू नका. घरातील वृद्धांना आठवणी विचारा आणि लिहून ठेवा. कोण गेले, कोणी मारले एवढेच न लिहिता, कोणी वाचविले तेही लिहा. वाचविणाऱ्याचे कुटुंब गावात असेल, तर त्यांच्या दारी जाऊन आभार माना.

अल्लाह आपणा सर्वांना सत्याची साक्ष देण्याचे आणि न्यायावर ठाम राहण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.