इंटरनेट येते कुठून?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा तो अखेरचा दिवस होता. घुग्घुसजवळच्या एका खेड्यातील बारावीची विद्यार्थिनी सकाळीच माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, मोबाईलवर टॉवर फुल्ल दिसतो, पण अर्जाचे पान काही उघडत नाही." बाजारातील दुकानदाराने तिला सांगितले होते, "साइट डाऊन आहे, उद्या ये." घरी काकांचे मत पडले, की पावसाळी हवा आहे, उपग्रहात बिघाड झाला असेल. ती उद्यापर्यंत थांबली असती, तर वर्षाची शिष्यवृत्ती हुकली असती.

मी तिला तीन प्रश्न विचारले. उत्तरांवरून बिघाड साधारण कोठे आहे हे पाच मिनिटांत कळले आणि दुपारच्या आत अर्ज गेलासुद्धा. ते तीन प्रश्न कोणते, हे लेखाच्या शेवटी सांगेन. तोवर इंटरनेट म्हणजे काय, हे पायरीपायरीने समजून घेऊ. कदाचित ते प्रश्न तुमचे तुम्हालाच सुचतील.

आकाशातून की जमिनीखालून?

इंटरनेट उपग्रहातून येते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती तपासून पाहू. भूस्थिर उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. आपला संदेश वर जाऊन पुन्हा जमिनीवर येईपर्यंत ७२,००० किलोमीटर अंतर तोडतो. रेडिओलहरींचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. म्हणजे ०.२४ सेकंद लागले. उत्तर परत येण्यास तेवढाच वेळ. एकूण जवळजवळ अर्धा सेकंद.

आता काचेच्या तारेचा विचार करा. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ आहे, म्हणून काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो. घुग्घुसहून मुंबईपर्यंत तारेचा मार्ग १,००० किलोमीटर धरला, तर जाऊन-येऊन २,००० किलोमीटर होतात. त्यास लागणारा वेळ एका सेकंदाचा शंभरावा भाग! काचेत प्रकाश मंदावतो, तरी मार्ग आखूड असल्याने शर्यत तोच जिंकतो.

अलीकडे पाचशे-साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रहही इंटरनेटसाठी वापरतात. त्यांच्यात हा विलंब पुष्कळ कमी असतो आणि जिथे तार नेणे अवघड, तिथे त्यांचा उपयोग होतो. परंतु एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणारी बहुतेक सर्व माहिती आजही समुद्रतळावर टाकलेल्या तारांतूनच जाते. अशा अनेक तारा आपल्या मुंबईच्या किनाऱ्याला लागतात.

मग मोबाईलला तर तार नसते, असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण बिनतारी प्रवास फक्त मोबाईलपासून जवळच्या टॉवरपर्यंतचा. टॉवरच्या पायथ्याशी बहुधा काचेची तार आलेली असते. नसल्यास टॉवरवरची तबकडी दुसऱ्या टॉवरकडे संदेश फेकते आणि तेथून तो तारेत शिरतो. मोबाईलवर दिसणारा 'फुल्ल टॉवर' हा केवळ या पहिल्या टप्प्याची हमी देतो, पुढच्या टप्प्यांची नाही.

प्रकाश तारेबाहेर का पडत नाही?

या तारेला प्रकाशीय तंतू म्हणतात. आवरण धरून त्याची जाडी मिलिमीटरच्या आठव्या भागाइतकी असते. आतला गाभा आणि बाहेरचे आवरण दोन्ही काचेचेच, पण गाभ्याचा अपवर्तनांक किंचित जास्त ठेवलेला असतो. प्रकाशकिरण गाभ्यातून आवरणाच्या सीमेवर क्रांतिक कोनापेक्षा मोठा कोन करून पडला, की तो बाहेर न जाता सगळाच्या सगळा आत परततो. दहावीत शिकलेले हेच ते पूर्ण आंतरिक परावर्तन. तार वळली तरी प्रकाश तिच्याबरोबर वळत जातो.

अशा तंतूंतून चित्र नेण्याचे प्रयोग मूळचे भारतीय असलेले नरिंदर सिंग कपानी यांनी इंग्लंडमध्ये हॉपकिन्स यांच्यासह १९५४ साली प्रसिद्ध केले. काच पुरेशी शुद्ध केली तर संदेश लांबवर नेता येतील, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली दाखवले. त्या कार्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या तारेतला प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रस्त्याकडेला तुटलेली तार सापडलीच, तर तिच्या टोकात कधीही डोकावू नका.

'घुग्घुस' हा शब्द तारेतून जातो कसा?

प्रकाश लागला तर १ आणि विझला तर ०, असे मानले की कोणतीही माहिती या दोन अंकांत मांडता येते. यातील एका अंकाला बिट म्हणतात. आठ बिटांचा एक बाइट. संगणक 'घुग्घुस' हा शब्द घ, उकार, ग, हलन्त, घ, उकार, स अशा सात चिन्हांत मोडतो. सध्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणून २१ बाइट, म्हणजेच १६८ बिट झाले.

येथे एक गफलत नेहमी होते. फाइलचा आकार बाइटमध्ये सांगतात, पण जोडणीचा वेग बिटमध्ये. समजा वेग सेकंदाला २० लाख बिट आहे आणि फाइल ३० लाख बाइटची आहे. मग दीड सेकंद लागेल काय? नाही. ३० लाख बाइट म्हणजे २४० लाख बिट. म्हणून १२ सेकंद लागतील.

भारतात १९८६ पासून 'एर्नेट' या प्रकल्पाद्वारे काही मोजक्या शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था जोडण्याचे काम सुरू झाले. सामान्य ग्राहकासाठी विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सेवा सुरू केली, तीही थोड्या मोठ्या शहरांपुरती. तेव्हा टेलिफोनवरून मिळणारा वेग सेकंदाला ९,६०० बिट इतका असे. वरच्या फाइलला तेव्हा किती वेळ लागला असता? करा पाहू भागाकार. उत्तर सुमारे ४२ मिनिटे येईल.

मालगाडी आणि ट्रक

आता सर्वांत महत्त्वाची कल्पना. वेकोलिच्या खाणीतला कोळसा घुग्घुसहून दोन प्रकारे बाहेर पडताना आपण पाहतो. मालगाडी ताडाळीकडे निघाली, की दोन सिग्नलांमधला रूळ तिच्यापुरता राखून ठेवतात. ती पार होईपर्यंत मागची गाडी खोळंबते. पूर्वी टेलिफोनचे असेच होते. दोघांचे बोलणे चालू असेतो, अगदी दोघे गप्प बसले तरी, त्यांच्यामधली वाट अडून राहत असे.

ट्रकचे तसे नाही. समजा शंभर ट्रक कोळसा नागपूरला न्यायचा आहे. काही ट्रक भद्रावती-वरोऱ्यावरून जातील, काही वर्धा नदी ओलांडून वणीवरून जातील. नदीला पूर आला, तर वणीकडचे ट्रकही भद्रावतीवरून वळतील. एकाच रस्त्यावर इतरांचीही वाहने चालतील. प्रत्येक ट्रकजवळ पत्ता आणि क्रमांक असला म्हणजे झाले.

इंटरनेट या ट्रकांसारखे चालते. तुमच्या अर्जावरचे दीड लाख बाइटचे छायाचित्र सलग जात नाही. त्याची साधारण दीड-दीड हजार बाइटची शंभरावर पुडकी होतात. यांनाच पॅकेट म्हणतात. प्रत्येक पुडक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि अनुक्रमांक असतो. वाटेतल्या चौकाचौकात राउटर नावाची यंत्रे पत्ता वाचून पुडके पुढच्या मोकळ्या वाटेवर ढकलतात. पलीकडे ती क्रमाने लावली जातात आणि एखादे हरवले, तर तेवढेच पुन्हा मागवले जाते. ही कल्पना १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना स्वतंत्रपणे सुचली. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील दोन संगणकांमध्ये असा पहिला संदेश गेला. 'लॉगिन' शब्दाची पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि यंत्र बंद पडले!

या पद्धतीचे बळ ३० जानेवारी २००८ रोजी दिसले. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन तारा तुटल्या. भारतातील इंटरनेट फार मंदावले, पण पूर्ण थांबले नाही; कारण पुडकी पूर्वेकडच्या वाटांनी वळवता आली. यावरून ध्यानात ठेवा: जिथे वाटा अनेक, तिथे एक तुटून भागते. टॉवरला एकच तार आलेली असेल, तर ती तुटताच सारे ठप्प.

पत्ता, नाव आणि नियम

पुडक्यावरचा पत्ता म्हणजे एक संख्या. जुन्या पद्धतीत ती ३२ बिटांची असे. त्यातून सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर. म्हणून १२८ बिटांची नवी पद्धत जुनीच्या जोडीने वापरात आली. एवढ्या संख्या आपल्या लक्षात राहणार नाहीत, म्हणून आपण नाव लिहितो आणि डीएनएस नावाची व्यवस्था त्या नावाचा क्रमांक शोधून देते. मोबाईलमध्ये 'मामा' हे नाव दाबले की क्रमांक लागतो, तसेच. २०१४ पासून अशी नावे '.भारत' या शेपटासह देवनागरीतही घेता येतात.

पुडकी कशी बांधावीत, पोच कशी द्यावी, याचे नियम सर्वांनी सारखेच पाळले पाहिजेत. या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी आखलेले नियम १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेतील 'आर्पानेट' या जाळ्याने स्वीकारले. नियम एक झाल्याने निरनिराळी जाळी एकमेकांना जोडता आली. इंटरनेट म्हणजे हे जाळ्यांचे जाळे.

वेब आणि इंटरनेट मात्र एक नव्हेत. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली मांडलेली, एकमेकांना जोडलेल्या पानांची व्यवस्था म्हणजे वेब. इंटरनेट हा रस्ता, तर वेब ही त्यावरची एक वाहतूक. ही पाने ज्या संगणकात ठेवलेली असतात, त्याला सर्व्हर म्हणतात. पानाच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसले, तर पुडकी वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढेच समजा. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे, असे ते कुलूप सांगत नाही. म्हणून ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हा नियम कुलूप असतानाही पाळायचा.

ते तीन प्रश्न

आता त्या मुलीकडे वळू. पहिला प्रश्न: दुसरे एखादे पान उघडते का? तिने पाहिले, एकही उघडत नव्हते. म्हणजे दोष त्या एका साइटचा दिसत नव्हता. दुसरा प्रश्न: फोन लागतो का? तोही लागत नव्हता. टॉवर फुल्ल आणि फोन बंद. तेव्हा बिघाड टॉवरच्या पुढे असावा. तिसरा प्रश्न: दुसऱ्या कंपनीच्या सिमवर अर्जाचे पान उघडते का? माझ्या मोबाईलवर ते उघडले. सर्व्हर ठीक होता, दुसरी वाटही शाबूत होती. माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून तिने अर्ज भरला आणि पोच उतरवून घेतली. संध्याकाळी रस्त्याच्या कामावर जेसीबीने उकरलेल्या खड्ड्यात दोन कामगार तुटलेली तार जोडताना दिसले.

"नेट नाही" हे वाक्य ऐकून परत फिरू नका. कोणता टप्पा तुटला, हे विचारा.

करून पाहा

१. आठ शब्दांचे एक वाक्य आठ चिठ्ठ्यांवर लिहा. प्रत्येकीवर अनुक्रमांक व घेणाऱ्याचे नाव घाला. वर्गातील मुलांनी त्या वेगवेगळ्या बाकांवरून पुढे द्याव्यात. मध्येच एक चिठ्ठी लपवा. घेणाऱ्याला ती हरवल्याचे कशावरून कळले?

२. प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीला खालच्या बाजूस छिद्र पाडून ती पाण्याने भरा. अंधाऱ्या खोलीत छिद्राच्या समोरच्या बाजूने आत टॉर्च रोखा. पडणाऱ्या धारेखाली हात धरा. प्रकाश धारेबरोबर वळून हातावर पडलेला दिसेल. तो का वळला, ते तुमच्या वहीत आकृती काढून लिहा.