गीता ९.१० : दिवा घरात आहे, काम घर करतं



आजचा श्लोक नवव्या अध्यायातला दहावा. भगवंत म्हणतात, चराचराला जन्म देते ती प्रकृती. मी फक्त अध्यक्ष आहे, आणि तेवढ्यानं जगाचं चक्र फिरत राहतं. कालचा नववा श्लोक आठवा. ही कर्मं मला बांधत नाहीत, मी त्यांच्यात उदासीनासारखा असतो, असं त्यात आलं होतं. हे दोन्ही श्लोक जोडूनच वाचायचे.

माउलींनी इथे दिव्याचा दृष्टांत दिलाय. घरात दिवा लावलेला असतो. त्या उजेडात कोणी स्वयंपाक करतं, कोणी हिशेब लिहितं. दिवा कोणाला हुकूम देत नाही, कोणाला अडवत नाही. पण तो नसेल तर एकही काम होणार नाही. पुढे सूर्याचंही तेच: तो उगवतो, लोक कामाला लागतात, त्यानं स्वतः कोणाचा नांगर धरलेला नसतो.

आता हा श्लोक मला या आठवड्यात चक्क जीवशास्त्राच्या पुस्तकासाठी लागला, ते सांगते.

माझी मामेबहीण टेक्सासमध्ये असते. मुलगा बारा वर्षांचा, त्याचं होमस्कूलिंग चालू आहे. टेक्सासमध्ये होमस्कूलिंगवर सरकारी बंधन फार कमी. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्र एवढं शिकवलं की झालं; विज्ञान त्या यादीत नाहीच. म्हणजे काय शिकवायचं ते सगळं आईबापांवर. आसपासच्या होमस्कूलवाल्या कुटुंबांचा एक गट आहे, त्यांनी विज्ञानासाठी 'इंटेलिजंट डिझाइन' मांडणारं पुस्तक निवडलं. बहिणीनं मला विचारलं, "ताई, ही मंडळी ख्रिस्ती आहेत, पण सृष्टीमागे बुद्धी आहे हे तर आपणही मानतो ना? मग हेच पुस्तक घेऊन टाकू का? निदान नास्तिक तरी होणार नाही पोरगं."

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं.

इंटेलिजंट डिझाइनचा मुद्दा थोडक्यात असा. सजीवांच्या शरीरातल्या काही रचना इतक्या गुंतागुंतीच्या आहेत की त्या हळूहळू, टप्प्याटप्प्यानं तयार होणं शक्य नाही. कुणीतरी बुद्धिमान रचनाकारानंच त्या आखल्या असणार. जुन्या रूपात हे विल्यम पेली यांनी १८०२ मध्ये मांडलं होतं: माळरानावर घड्याळ सापडलं तर घड्याळजी मानावाच लागतो. नव्या रूपात मायकेल बीही या जीवरसायनशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये मांडलं. त्यांचं उदाहरण उंदराच्या सापळ्याचं. एक भाग काढला की सापळा निकामी. जिवाणूची शेपटीसारखी मोटर, म्हणजे फ्लॅजेलम, तशीच आहे असं ते म्हणतात.

ऐकायला पटतं. पण याची कसून तपासणी झाली ती पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या खटल्यात, २००५ साली. शाळा मंडळानं ठरवलं होतं की नववीच्या मुलांना डार्विनच्या सिद्धांतात त्रुटी आहेत असं वाचून दाखवायचं आणि डिझाइनच्या पुस्तकाकडे बोट दाखवायचं. अकरा पालक कोर्टात गेले. तिथे केनेथ मिलर या जीवशास्त्रज्ञांनी साक्ष दिली की फ्लॅजेलममधल्या काही प्रथिनांचा संच काही जिवाणूंमध्ये वेगळाच उपयोगी पडतो, दुसऱ्या पेशीत विष टोचायला. म्हणजे सापळ्याचे सुटे भागही कामाचे असतात. हे मिलर स्वतः श्रद्धाळू कॅथलिक आहेत, हे विसरू नका. बीहींना उलटतपासणीत मान्य करावं लागलं की 'वैज्ञानिक सिद्धांत' या शब्दाची त्यांची व्याख्या घेतली तर ज्योतिषही तीत बसेल. (आपल्याकडच्या काही जणांना हे ऐकून आनंद होईल, होऊ नये.)

आणि मला सगळ्यात लागलं ते हे. ज्या पुस्तकाकडे बोट दाखवलं जात होतं त्याचे जुने मसुदे कोर्टात आले. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सरकारी शाळांत 'सृष्टिनिर्मितीचं विज्ञान' शिकवायची सक्ती घटनाबाह्य ठरवली. त्यानंतरच्या मसुद्यात 'निर्मिती'च्या जागी 'डिझाइन' हा शब्द घातलेला दिसला. एका ठिकाणी शब्द बदलताना जुना अर्धा आणि नवा अर्धा असा चिकटून विचित्र शब्द छापला गेला होता. देवाचं नाव लपवून देव शिकवायचा. न्यायमूर्ती जॉन जोन्स यांनी २० डिसेंबर २००५ ला निकाल दिला की हे विज्ञान नाही. त्यांची नेमणूक जॉर्ज बुश यांनी केलेली होती, त्यामुळे त्यांना धर्मविरोधी म्हणणं अवघड.

हा निकाल सरकारी शाळांपुरता. बहिणीच्या डायनिंग टेबलावर त्याची सत्ता नाही. तिथे प्रश्न कायद्याचा नाही, सत्याचा आहे.

आता 'आपणही तेच मानतो ना' याकडे येऊ. घडा आहे म्हणजे कुंभार आहे, तसं जग आहे म्हणजे कर्ता आहे, हा युक्तिवाद आपल्याकडे नैयायिकांनी केला. उदयनाचार्यांचा 'न्यायकुसुमांजली' हा त्यासाठीच प्रसिद्ध. पण त्याला विरोध कोणी केला माहितीये? रामानुजाचार्यांनी. भक्तीचे एवढे मोठे आचार्य! श्रीभाष्यात पहिल्या अध्यायातल्या तिसऱ्या सूत्रावर ते म्हणतात, अनुमानानं ईश्वर सिद्ध होत नाही. कुंभार घडा करताना आपण पाहिलाय, म्हणून घड्यावरून कुंभार ओळखतो. पृथ्वी करताना कोणाला पाहिलंय? आणि कुंभारावरूनच ओळखायचं असेल तर तो कर्ता कुंभारासारखाच निघेल: देहधारी, मर्यादित, कदाचित एकापेक्षा जास्त. ईश्वर कळतो तो शास्त्रातून. मला हे फार धीट वाटतं. देवावर प्रेम आहे म्हणून कच्चा पुरावा चालवून घ्यायचा नाही.

डिझाइनवाला देव कुंभारासारखाच आहे. प्रकृतीला जिथे जमलं नाही तिथे तो येऊन स्क्रू पिळून जातो. मग विज्ञानाला त्या जागेचं उत्तर सापडलं की तो तिथून हटतो. भाच्यानं नेमकं हेच विचारलं: "मावशी, मशीन कसं झालं ते कळलं की मग देव नाही का?" बघा, पुस्तकानं त्याला देव दाखवला तो अशा जागी, जिथून पुढच्या वर्षी उचलावा लागेल. पोरगं नास्तिक होण्याचा खरा धोका तिथे आहे. नवव्या अध्यायातला दिवा असा कोपऱ्यात बसत नाही. पोळी कशी फुगते हे कळलं म्हणून उजेड कमी होत नाही.

आपणही या बाबतीत सोवळे नाही हं. दशावतार म्हणजे उत्क्रांती, मासा, मग कासव, मग वराह, हे फॉरवर्ड तुम्हालाही आलं असेलच. भागवतात पहिल्या स्कंधाच्या तिसऱ्या अध्यायात अवतारांची यादी आहे ती वाचा. तिथे वराह दुसरा, मत्स्य दहावा आणि कूर्म अकरावा. क्रमच वेगळा. आणि निसर्गाचा क्रमही एकाच दिशेनं जात नाही. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटला सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या इंडोह्यस या छोट्या, चार पायांच्या खुरवाल्या प्राण्याचे जीवाश्म मिळाले. २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की तो देवमाशांचा जवळचा नातेवाईक. म्हणजे देवमाशांचे पूर्वज जमिनीवरून पाण्यात गेले, उलटे! मत्स्यावतार मनूची नाव ओढतो, ते शरणागतीसाठी. त्याला जीवशास्त्राचा तक्ता करून आपण त्याचंच मोल कमी करतो.

तर मी बहिणीला लिहिलं की गटातलं पुस्तक विज्ञान म्हणून घेऊ नकोस. गटात त्याला न्यायचंच असेल तर ने, पण घरी सांग की हा एक वाद आहे आणि कोर्टात त्याचं काय झालं. बारा वर्षांच्या मुलाला डोव्हरची गोष्ट डिटेक्टिव्ह कथेसारखी आवडेल. शिकवायला बालभारतीचं दहावीचं विज्ञान भाग २ घे. पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. जीवाश्म, अवशेषांगे, जोडणारे दुवे, सगळं आहे, आणि मराठीत आहे, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. (२०२३ मध्ये एनसीईआरटीनं दहावीतून उत्क्रांती वगळली. आपल्या राज्याच्या पुस्तकात हा धडा आहे, याचा मला अभिमान वाटतो.) आणि संध्याकाळी हरिपाठ चालू ठेव. दोन्हीत एकमेकांची पानं घुसडू नकोस.

काल भाच्याचा व्हॉइस मेसेज आला. त्याला दिव्याचा दृष्टांत आवडला, पण एक शंका आहे. "दिवा काहीच करत नाही तर मग त्याच्याकडे मागायचं कशाला?" मी त्याला म्हटलं, याच अध्यायात बाविसावा श्लोक आहे, योगक्षेमाचा, तिथे देव उदासीन नाही, स्वतः ओझं वाहतो. हे दोन्ही एकाच अध्यायात कसं, ते तिथे पोचल्यावर बघू. तोवर त्यानं रोज एक श्लोक वाचायचं कबूल केलंय.

उद्या ९.११.

राम कृष्ण हरी 🙏