सोलापूरची परिषद आणि उजनीचा अर्धा दिवस

सोलापूरला परिषद किंवा कार्यशाळा म्हटलं की बहुतेक वेळा पत्ता केगावचा निघतो. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ तिथे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही तिथेच, आणि दोन्ही पुणे महामार्गावर. पाहुणे रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने येतात, निबंध वाचतात, चादर आणि शेंगाचटणी घेऊन परत जातात. वाटेतलं उजनीचं पाणी जाताना अंधारात आणि येताना झोपेत निघून जातं. भीमेवरच्या या धरणाचं बांधकाम १९८०मध्ये पूर्ण झालं; साठवण सुमारे ११७ टीएमसी, आणि मागचं पाणी सोलापूर, पुणे, अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं. सोलापूरच्या नळाला येतं त्यातलं बरंचसं पाणी इथलंच. २००६मध्ये सोलापूरला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष मारुती चितमपल्ली होते. पाखरांत आयुष्य घालवलेला अध्यक्ष लाभलेल्या गावाला जाताना पाणथळ ओलांडून सरळ पुढे जाणं बरं दिसत नाही. तर हा अर्धा दिवस कसा काढायचा, ते सांगतो.

१. निमंत्रणावरची तारीख पाहा आणि लगेच धरणाची टक्केवारी पाहा. सोलापूरच्या वर्तमानपत्रांत ती रोज येते. इथली माणसं धरण ‘प्लस’मध्ये आहे की ‘मायनस’मध्ये, अशाच भाषेत बोलतात. एकूण साठ्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा आहे. उपयुक्त पाणी संपून त्याला हात लागला की मायनस सुरू. २०२४च्या उन्हाळ्यात धरण मायनस ५०च्याही खाली गेलं होतं. पाहुण्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की धरण तुडुंब भरलेल्या वर्षी नोव्हेंबरात रोहित पक्ष्यांची आशा धरू नका. त्यांना उथळ पाणी आणि उघडा गाळ लागतो, आणि तो जानेवारीनंतर काठाकाठाने दिसू लागतो. चक्रवाक आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हिवाळाभर असतात.

तारीख संक्रांतीच्या आसपासची असेल तर सोलापुरात सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. खोली महिनाभर आधी धरा. आषाढी जवळ असेल तर कुर्डुवाडीमार्गे जाणाऱ्या गाड्यांत उभं राहायलाही जागा नसते.

२. अर्धा दिवस परिषदेच्या आधी ठेवा, नंतर नको. समारोपाला प्रमुख पाहुणे उशिरा येतात, प्रमाणपत्रं त्यानंतर वाटतात, आणि प्रमाणपत्राशिवाय कार्यालयात तोंड दाखवता येत नाही. नंतरचा अर्धा दिवस कागदावरच राहतो. शिवाय पाखरं आणि मासळी दोन्ही सकाळची.

३. रजा आणि तिकीट वेगळं करा. ड्युटी लीव्ह परिषदेच्या दिवसांची; त्याआधीच्या दिवसासाठी स्वतःची किरकोळ रजा टाका. रेल्वेच्या नियमाप्रमाणे वाटेत उतरून त्याच तिकिटावर पुढे जाण्याची मुभा ५०० किलोमीटरच्या वरच्या प्रवासाला आहे. पुणे–सोलापूर सुमारे २६० किलोमीटर, मुंबई–सोलापूरही ५००च्या आतच. म्हणजे सोलापूरपर्यंतचं तिकीट काढून वाटेत जेऊरला उतरलात तर उरलेलं तिकीट वाया. दोन तिकिटं काढा, आणि कार्यालय दोन तुकड्यांचं भाडं देतं का, हे लेखापालाला निघण्याआधीच विचारा.

४. काठ निवडा. सोपा काठ महामार्गाचा: स्वारगेटहून सोलापूरची एसटी, उतरायचं भिगवणला, आणि तिथून कुंभारगाव किंवा डिकसळ. पक्षी दाखवणारे, होडीवाले, मुक्कामाला खोल्या, सगळं तयार असतं. रविवारी मात्र कॅमेऱ्यांची गर्दी होते. दुसरा काठ करमाळा तालुक्याचा, म्हणजे खऱ्या अर्थाने सोलापूर जिल्ह्याचा: केत्तूर, वाशिंबे, कुगाव, कंदर. पुणे–सोलापूर लोहमार्ग याच बाजूने जातो. भिगवणनंतर पाणी ओलांडून जिंती रोड, पारेवाडी, वाशिंबे, पोफळज, जेऊर अशी स्टेशनं लागतात. सोलापूरकडे जाताना उजवीकडची खिडकी पकडा. मोजक्याच गाड्या इथे थांबतात, तेव्हा वेळापत्रक पाहूनच बेत करा.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने भिगवणचा काठ घ्यावा आणि दुसऱ्यांदा जाणाऱ्याने केत्तूरचा. केत्तूरला तुमची वाट पाहत कोणी बसलेलं नसतं. गाव दोन ठिकाणी, नंबर एक आणि नंबर दोन, असं वसलेलं आहे. पाराजवळ बसलेल्या एखाद्या मामांना मूळ गाव कुठे होतं असं विचारलंत, तर ते पाण्याकडे हात करतील. मग घाई करू नका. पुढचं तेच सांगतील. कंदरच्या बाजूला गेलात तर केळीच्या बागा पाहा. इथली केळी परदेशी जाते. घरदार पाण्याखाली गेलेल्या मुलखात पाण्यामुळेच हा पैसा आला, ही गोष्टही त्याच मामांकडून ऐकावी. डिकसळचा ब्रिटिशकालीन पूल ओलांडून दोन्ही काठ जोडायचा विचार असेल, तर तो खुला आहे का, आणि कोणत्या वाहनांना, हे आधी गावात विचारून घ्या.

५. बॅग दोन भागांत भरा. परिषदेचे बूट, कोट आणि लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून खाली. वर जुनी सँडल, टोपी, दुर्बीण, सुटे पैसे. काठावरची जमीन काळी, गाळाची. पाणी हटलं की तिथे गाळपेर होते. वरून भेगाळलेली, वाळलेली दिसते, पाय टाकला की घोट्यापर्यंत आत जातो आणि सँडल तिथेच राहते. शेतकरी ज्या पायवाटेने जातो तीच धरा. गाळपेरीच्या रानातून फोटोसाठी आडवं जाऊ नका, तिथे कोणाचा तरी हरभरा असतो.

६. होडीत बसण्याआधी तीन गोष्टी पाहा: लाइफ जॅकेट, माणसं किती, आणि आभाळ. जॅकेट बांधून घ्या, मांडीवर ठेवू नका. २१ मे २०२४ रोजी कुगावहून पलीकडच्या काठावरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जणांचा जीव गेला. ती माणसं सहलीला निघालेली नव्हती. रस्त्याने जायचं तर लांबचा वळसा पडतो, म्हणून दोन्ही काठांची माणसं पिढीभर असाच प्रवास करत आली आहेत. तेव्हा होडीवाला नको म्हणाला तर घासाघीस करू नका. भाडं बसण्याआधी ठरवा. सूर्योदयाला निघा, ऊन चढायच्या आत काठाला या. थव्याच्या अंगावर होडी घालायला सांगू नका. रोहित उडाल्यावर फोटो छान येतो खरा, पण सकाळभर त्यांची चराई मोडते.

पाण्यात हात घाला, पोहायला उतरू नका. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथेच येतं; उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा तवंग धरतो.

परतताना मासेमारांच्या होड्या काठाला लागत असतील तर थोडं थांबा. थर्माकोलचे तुकडे बांधलेलं जाळं गुडघ्यावर घेऊन माणूस एकेक चिलापी सोडवतो. पाठीवरच्या काट्याने बोट फाटू नये म्हणून मासा डोक्याकडून धरतो आणि न बघता मागच्या क्रेटमध्ये टाकतो. वजन आणि लिलाव भिगवणच्या बाजारात. इथे विचाराल तर सगळे सांगतील, चिलापी आली आणि जुने मासे कमी झाले.

७. जेवण अकराच्या सुमारास महामार्गावर. चिलापी फ्राय स्वस्त आणि काटेरी; मरळ किंवा वाम मिळाली तर ती घ्या. सोबत ज्वारीची भाकरी. रस्सा तिखट असतो, आणि उद्या व्यासपीठावर बोलायचं आहे हे लक्षात ठेवून वाटी मागा.

८. दुपारी दोनपर्यंत निघा. इंदापूरच्या पुढे भीमेच्या पुलावरून धरणाची भिंत दिसते. भिंतीवर जायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते, त्यात वेळ घालवू नका. टेंभुर्णी, मोहोळ, केगाव. गाळप हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. अंधार पडायच्या आत पोहोचा. केगावला एसटी थांबते का, हे वाहकाला आधीच विचारा, नाहीतर शहरात जाऊन रिक्षाने उलटं यावं लागेल.

९. प्रवासभत्त्याच्या बिलात होडी, मासे आणि अलीकडचा मुक्काम लावू नका. होडीवाला पावती देत नाही आणि लेखापाल पावतीशिवाय ऐकत नाही, म्हणून तो प्रश्नच काढू नये.

आणि परिषद मे महिन्यातली असेल तर होडी सोडा. वळिवाचे दिवस असतात. त्याऐवजी पळसदेवला उतरा: पाणी पुरेसं खाली गेलं असेल तर एरवी बुडालेलं पळसनाथाचं हेमाडपंती देऊळ उघडं पडतं आणि पाहायला मिळतं.