पाच मिनिटांचं प्रेझेंटेशन: एका बैठकीत एकच गोष्ट



व्हिडिओमध्ये आपण आवाज, नजर आणि उभं राहणं बघितलं. आज त्याच्या आधीचं काम बघू: तयारी. बँकेच्या साहेबांसमोर किंवा तळोजा एमआयडीसीतल्या मोठ्या कंपनीच्या परचेस मॅनेजरसमोर संधी बहुतेक वेळा एकदाच मिळते, तीही पाच-दहा मिनिटांची.

आपल्या रायगडच्या माणसाचं उदाहरण घ्या. विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी सोबतच्या कैद्यांसमोर गीतेवर प्रवचनं दिली. अध्याय 18, आणि रविवारही 18: 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी एकच अध्याय. साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हातात आहे. विषय अफाट असला तरी आज किती सांगायचं, हे ठरलेलं होतं.

आपण नेमकं उलटं करतो. कंपनीची स्थापना, बारा प्रॉडक्ट, सत्काराचे फोटो सगळं दाखवतो. मुद्द्यावर येईपर्यंत साहेब घड्याळ बघायला लागतात!

म्हणून अशी तयारी करा:

1. शेवटचं वाक्य आधी लिहा. ‘मला बॉक्सच्या मशीनसाठी 6 लाखांचं कर्ज हवंय.’ या वाक्याला मदत न करणारी स्लाइड काढून टाका.

2. समोरच्याचे प्रश्न ओळखा. बँकेला तीन गोष्टी हव्या असतात: किती, कशासाठी, परत कसे करणार?

3. आकडे जोडून सांगा. नुसतं ‘धंदा वाढेल’ म्हणू नका. समजा, मशीनमुळे रोज 200 बॉक्स जास्त निघतील. खर्च जाऊन बॉक्समागे 4 रुपये उरले, तर 25 दिवसांचे 20 हजार. हप्ता साधारण 13 हजार. आता साहेबांना हिशोब दिसतो. ऑर्डरची कागदपत्रं सोबत ठेवा.

4. मोबाइलवर टायमर लावून, उभं राहून तीनदा बोला. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ हवं. मधले फक्त मुद्दे लक्षात ठेवा. सगळं पाठ केलं की एक शब्द विसरला तरी गाडी अडते.

5. मागणी सांगितली की थांबा. शांतता झाली म्हणून लगेच ‘थोडं कमी दिलं तरी चालेल’ म्हणू नका. समोरच्याला विचार करू द्या.

आजचा गृहपाठ: पुढच्या मीटिंगचं शेवटचं वाक्य वहीत लिहा. ते एका ओळीत बसत नसेल, तर स्लाइड बनवायला अजून बसू नका.