हात आपला, पाय त्यांचे: ऑपरेशननंतर घरी आलेल्या वडीलधाऱ्यांची शुश्रूषा



पावसाळा सुरू झाला की आपल्या मुळशीत घसरून पडण्याचे प्रकार वाढतात. शेवाळलेले अंगण, ओला उंबरठा, रात्री गेलेली वीज आणि अंधारातच न्हाणीकडे निघालेली एखादी आजी. खुब्याचे हाड मोडते, पुण्याला न्यावे लागते, ऑपरेशन होते. ते चांगले झाले असे डॉक्टर सांगतात. काही दिवसांनी गाडी दारात येते आणि संकट टळले असे घरच्यांना वाटते. खरे पाहता निम्मे काम त्या दिवशी सुरू होते, आणि ते घरच्यांनाच करायचे असते.

आजारी माणसांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही घरोघरी जातो, तेव्हा बहुतेक ठिकाणी प्रेमाची कमतरता दिसत नाही. उलट प्रेमापोटीच एक गोष्ट घडते. "आई, तुम्ही उठू नका", "बाबा, पडून राहा, आम्ही आहोत ना", असे म्हणत माणसाला अंथरुणाला बांधले जाते. या शुश्रूषेतच कुठे चुकते, ते आज आपण पाहू.

१. पेत्राची सासू

संत मार्कच्या पहिल्याच अध्यायात (१:२९-३१) पेत्राची सासू तापाने पडलेली आहे. प्रभू येशू तिच्याजवळ जातो, तिचा हात धरतो आणि तिला उठवतो. ताप जातो आणि ती पाहुण्यांच्या सेवेला लागते. येथे तीन पायऱ्या आहेत: जवळ जाणे, हात देऊन उभे करणे आणि तिचे घरातले स्थान तिला परत मिळणे. आपण बहुधा पहिल्या पायरीवर थांबतो. जवळ बसतो, पण उभे करत नाही आणि कामही परत देत नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी शिक्षकाचे काम समजावताना वैद्याचा दाखला दिला. बरे होण्याची मूळ शक्ती रोग्याच्या शरीरातच असते. वैद्य बाहेरून त्या शक्तीला बळ देतो, तिची जागा घेत नाही. घरातल्या शुश्रूषेलाही हेच लागू पडते. आपण मदतनीस आहोत. बरे व्हायचे काम रुग्णाचे आहे आणि ते त्याच्या हातून काढून घेण्याचा अधिकार प्रेमालाही नाही.

२. अंथरूण शक्ती खाते

अमेरिकेतील एका अभ्यासात, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, साठीच्या पुढच्या निरोगी माणसांना १० दिवस अंथरुणावर ठेवले होते. एवढ्या काळात त्यांच्या पायांचे मांस सरासरी सुमारे एक किलोने घटले. ही धडधाकट माणसे होती. ऑपरेशन झालेल्या, आधीच अशक्त माणसाचे काय होत असेल याचा विचार करा. शिवाय पडून राहिल्याने छातीत कफ साचतो, पाठीला जखमा होतात, पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणूनच आज बहुतेक ठिकाणी खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी रुग्णाला आधाराने उभे करतात.

पोप संत जॉन पॉल दुसरे २८ एप्रिल १९९४ रोजी न्हाणीघरात पडले. मांडीचे हाड मोडले आणि दुसऱ्या दिवशी रोममध्ये त्यांचा खुब्याचा सांधा बदलण्यात आला. तेव्हा त्यांना ७४ वे वर्ष पूर्ण व्हायला तीन आठवडे होते. पुढे काठी हाती आली, पण ती लपवून ते घरी बसले नाहीत. नोव्हेंबर १९९९ मध्ये ते दिल्लीला आले आणि २००० साली पवित्र भूमीला गेले. आपल्याकडे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले, ऑक्टोबर २००० मध्ये डावा आणि जून २००१ मध्ये उजवा. पंतप्रधानांच्या दिमतीला कितीही माणसे असोत, गुडघा वाकवण्याचा व्यायाम त्यांच्या वतीने दुसरे कोणी करू शकत नाही.

३. घरी काय करावे

किती वजन टाकायचे आणि कधी चालायचे हे डॉक्टरांच्या कागदावर असते. तो कागद भिंतीला लावा आणि तेच प्रमाण माना. बाकी काही गोष्टी अशा:

• खाट अशा उंचीची असावी की बसल्यावर पावले जमिनीला टेकतील आणि गुडघे कमरेच्या वर जाणार नाहीत. खुब्याचा सांधा बदलला असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत जमिनीवर बसणे, मांडी घालणे, उकिडवे बसणे आणि पायावर पाय टाकणे बंद. शौचासाठी कमोडची खुर्ची आणावी. गुडघ्याचे ऑपरेशन असेल तर बरे वाटते म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवू नये, पाय सरळ होईनासा होतो.

• खाटेपासून न्हाणीपर्यंतची वाट मोकळी करा. गोधड्या, पायपुसणी, वायरी उचला. रात्री हाताशी बॅटरी ठेवा. साडीचा घोळ आणि सैल चपला नकोत.

• वॉकर घेऊन चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. सोबतच्याने खालच्या पायरीच्या बाजूला राहावे. काखेत हात घालून ओढू नये.

• दुखते म्हणून चालणे टाळले जाते. डॉक्टरांनी दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या "फार नको" म्हणून मनाने कमी करू नका. रक्त पातळ राहण्याची गोळी किंवा इंजेक्शन तर एक दिवसही चुकवू नका.

• पायाला तेल लावून चोळणे ही आपली जुनी सवय. सुजलेली पोटरी मुळीच चोळू नये. आत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. जखमेवर हळद किंवा पाल्याचा लेपही नको. जखम कोरडी आणि स्वच्छ हवी.

• नुसती पेज आणि मऊ भात यांवर मांस भरत नाही. अंडी, डाळ, दूध, मासे, मोडाची कडधान्ये द्या. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारून द्या. लघवीला वारंवार उठावे लागते म्हणून वृद्ध माणसे पाणी पिणे सोडतात, तिकडे लक्ष ठेवा.

४. केव्हा थांबू नये

जखम लाल, गरम झाली, पू आला, १००.४ अंशांपेक्षा (फॅरनहाइट) जास्त ताप आला किंवा एका पोटरीला सूज आणि दुखणे सुरू झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. अचानक दम लागला, छातीत दुखले किंवा शुद्ध हरपू लागली, तर लगेच १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. पाऊस थांबण्याची वाट पाहू नका.

आणखी एक लक्षण घराघरांत चुकीचे समजले जाते. कालपर्यंत नीट बोलणारी आजी एकदम भलतेच बोलते, रात्री ओरडते, घरच्यांना ओळखत नाही. हा म्हातारचळ नव्हे आणि बाहेरची बाधा तर नव्हेच. ऑपरेशननंतर वृद्धांत असा संभ्रम होतो. जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणे, तुंबलेली लघवी, एखादे औषध, अशी त्याची कारणे असतात आणि बहुतेक वेळा ती दूर करता येतात. डॉक्टरांना लगेच कळवा. घरात चष्मा, श्रवणयंत्र, कवळी हाताशी द्या, दिवसा खिडकी उघडी ठेवा, वार आणि वेळ सांगत राहा, ओळखीच्या आवाजात बोला.

५. काम परत द्या

पडून असलेल्या माणसाच्या तोंडी पुष्कळदा एकच वाक्य येते: "माझे आता काय राहिले?" त्याला शब्दांनी उत्तर देऊन भागत नाही. खुर्चीत बसवून लसूण सोलायला द्या, तांदूळ निवडायला द्या, नातवाचा पाढा ऐकायला सांगा, संध्याकाळी रोझरी त्यांनाच सुरू करू द्या. हळू होईल, सांडेल. होऊ द्या. स्वतः घास घेणारा हात उद्या स्वतः काठी धरतो. त्यांच्याबद्दल त्यांच्यासमोर तिसऱ्याशीच बोलणेही टाळा. आज अंघोळ कधी करायची, हे त्यांनाच विचारा.

६. शुश्रूषा करणारीचाही विचार

मुलगा हिंजवडीला पाळीवर, मुले शाळेत, आणि सारा भार एका सुनेवर किंवा म्हाताऱ्या पत्नीवर, हे चित्र आपल्याकडे नवे नाही. रात्रीची जागरणे वाटून घ्या, मुलग्यांनीही वडिलांची अंघोळ घालायला शिकावे. शेजाऱ्यांनी दहाजणांनी एकदम भेटीला जाऊन चहा मागण्यापेक्षा एकाने जाऊन दोन तास बसावे. कोणाच्या घरी ऑपरेशन झालेले माणूस असेल तर आम्हांला कळवा. रविवारी मिस्सेच्या वेळी शेजारच्या कोणीतरी तेथे बसावे, म्हणजे त्या सुनेला चर्चमध्ये येता येईल. शुभवर्तमानात हात धरणारा एक होता. आपण तर इतकेजण आहोत.

घरी बसून विचार करण्यासाठी:

१) आपल्या घरातील वडीलधाऱ्यांची कोणती कामे आपण काळजीपोटी काढून घेतली आहेत? त्यांतले एक या आठवड्यात परत देता येईल का?

२) आपल्या घरातून न्हाणीपर्यंतच्या वाटेवर पाय घसरण्याजोगे काय आहे? ते आजच काढता येईल का?

३) आपल्या वाडीत अशी शुश्रूषा करणारी कोण आहे, आणि तिला दोन तासांची सुटी कोण देईल?

प्रभू आपल्या घरांतील आजाऱ्यांना आणि त्यांना हात देणाऱ्यांना बळ देवो.

आपला धर्मगुरू