जोडलेले स्विच व त्यांची पाहणी

आपल्या माण तालुक्यांत पाण्याची किंमत कोणास शिकवावी लागत नाहीं. पाळी आली म्हणजे शेतकरी रात्रींबेरात्रीं खोरें व विजेरी घेऊन दारें धरावयास जातो. पाणी तर आपोआप उताराकडे वाहतें. मग माणूस तेथें कशास हवा, असें त्यास कोणी विचारीत नाहीं. पाणी ज्या वाफ्यास द्यावयाचें त्याच वाफ्यास पोंचावें, आणि एखाद्या उंदराच्या बिळानें बांध फुटून सारी पाळी वायां जाऊं नये, ह्यासाठीं तो जागत उभा असतो.

संगणकांच्या जाळ्यांत असेंच दारें धरण्याचें काम करणारें एक यंत्र आहे. त्यास स्विच म्हणतात. आमच्या संगणकवर्गांत असे तीन स्विच एकत्र जोडलेले आहेत. ते कसे जोडावे, त्यांस आज्ञा कशा द्याव्या व त्यांची पाहणी कां करावी, हें ह्या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. ह्यांतील पहिले दोन भाग आम्ही पुस्तकांवरून शिकलों. तिसरा आमच्या स्वतःच्या चुकीनें शिकलों. तो सांगावयास संकोच वाटतो. परंतु विद्यार्थ्यांच्या हिताचा भाग तोच आहे.

१. स्विच काय करितो

प्रत्येक संगणकाच्या जाळ्यास जोडावयाच्या भागास कारखान्यांतच एक पत्ता दिलेला असतो. हा पत्ता ४८ बिटांचा असून तो बारा चिन्हांत लिहितात. पूर्वी हब नांवाचें साधें यंत्र वापरीत. एका संगणकाकडून आलेला निरोप तें सर्वच संगणकांकडे पाठवी. जणूं एका वाफ्याचें पाणी साऱ्या शेतांत सोडून द्यावें! स्विच तसें करीत नाहीं. कोणत्या पोर्टाच्या पलीकडे कोणत्या पत्त्याचा संगणक आहे, हें तो येणाऱ्या निरोपांवरूनच शिकतो, त्याची यादी ठेवितो आणि पुढील निरोप नेमक्या त्याच पोर्टानें सोडितो. पत्ता ओळखीचा नसेल तेव्हां मात्र त्यासही निरोप सर्वांकडे पाठवावा लागतो. उत्तर आलें कीं तो पत्ता यादींत जातो.

२. तिघांचा एक

आमच्या एका स्विचास संगणक जोडण्यासाठीं २४ पोर्ट आहेत, आणि वर्गांत संगणक ६०. अर्थात् तीन स्विच हवेत. ते साध्या केबलींनीं एकमेकांस जोडतां येतात. परंतु मग तिघांचीं नांवें निराळीं, पत्ते निराळे, आणि एक नियम बदलावयाचा तर तीन ठिकाणीं बदलावा लागतो. ही अडचण दूर करण्याकरितां सिस्को कंपनीनें २००३ सालीं कॅटलिस्ट ३७५० ह्या जातीच्या स्विचांत स्टॅकवाइज नांवाची रीत आणिली. ही जात आतां जुनी झाली आहे. परंतु आमच्या शाळेस वापरलेले म्हणून मिळालेले स्विच ह्याच जातीचे असल्यामुळें उदाहरण त्यांचेंच घेतों.

अशा प्रत्येक स्विचाच्या पाठीमागें दोन खास पोर्ट असतात. त्यांत जाड व आंखूड केबली बसवितात; त्या अर्धा, एक किंवा तीन मीटर लांबीच्या मिळत. पहिल्यापासून दुसऱ्यास, दुसऱ्यापासून तिसऱ्यास आणि तिसऱ्यापासून पुन्हा पहिल्यास अशा त्या जोडिल्या म्हणजे एक कडें पूर्ण होतें. ह्या रीतीनें नऊपर्यंत स्विच एकत्र करितां येतात. मग बाहेरून पाहणारास तो एकच स्विच दिसतो. त्याचें नांव एक, पत्ता एक, नियमांची वही एक.

कडें करण्यांत मोठा हेतु आहे. पूर्ण कड्यांतून सेकंदास ३२ गिगाबिटपर्यंत मजकूर वाहूं शकतो. एक केबल निघाली तरी काम थांबत नाहीं; निरोप दुसऱ्या बाजूनें वळसा घेऊन जातात. वाहण्याची शक्ति मात्र निम्मी, म्हणजे १६ गिगाबिट, उरते. पुढें २०१३ सालीं आलेल्या ३८५० ह्या जातींत ही शक्ति ४८० गिगाबिटपर्यंत वाढली. परंतु कड्याचें तत्त्व तेंच राहिलें.

तिघांत एक मुख्य असतो. मुख्य कोण, हें यंत्रें आपसांत ठरवितात. आधींच मुख्य असलेल्याचा मान पहिला; त्यानंतर प्रायॉरिटी, म्हणजे पसंतीचा आंकडा, पाहतात. हा १ पासून १५ पर्यंत असतो व ज्याचा मोठा तो मुख्य. कोणींच कांहीं ठरविलें नसेल तर सर्वांचा आंकडा १ असतो. अशा वेळीं इतर कांहीं गोष्टी पाहून शेवटीं ज्याचा कारखान्यांतील पत्ता लहान तो मुख्य होतो. म्हणजे निवड बहुधा आपल्या सोयीची न होतां योगायोगाची होते. शाहाणा मनुष्य ती योगायोगावर सोडीत नाहीं.

३. आज्ञा कशा द्याव्या

स्विचास पडदा नाहीं व कळफलकही नाहीं. कन्सोल नांवाच्या केबलीनें त्यास आपल्या संगणकाशीं जोडावें, सेकंदास ९६०० बिट हा वेग ठेवावा, आणि एकेक ओळ टंकून आज्ञा द्यावी. आज्ञा इंग्रजी अक्षरांत टंकावयाच्या असतात. येथें आम्ही त्यांचे उच्चार देत आहोंत.

प्रथम ‘एनेबल’ ही आज्ञा द्यावी. मग स्विच परवलीचा शब्द विचारतो व अधिकाऱ्याच्या दालनांत घेतो. तेथून ‘कॉन्फिगर टर्मिनल’ म्हटलें कीं नियम बदलण्याची वही उघडते. त्यांत ‘स्विच १ प्रायॉरिटी १५’ असें लिहिलें म्हणजे पहिल्यास सर्वांत मोठा आंकडा मिळतो. मात्र त्या क्षणीं दुसरा कोणी मुख्य असेल तर तो लगेच पायउतार होत नाहीं. हा आंकडा पुढील निवडीच्या वेळीं लागू होतो, हें ध्यानांत ठेवावें.

पोर्टाचें नांव तीन आंकड्यांनीं लिहितात. ‘गिगाबिटइथरनेट ३/०/१४’ म्हणजे तिसऱ्या स्विचाचा चौदावा पोर्ट. प्रत्येक पोर्टास ‘डिस्क्रिप्शन’ ह्या आज्ञेनें ओळख लिहून ठेवावी. जसें, ‘तिसरी रांग, चौथें बांक’. हें काम कंटाळवाणें खरें. परंतु घाईच्या वेळीं तीच ओळख उपयोगी पडते.

शेवटीं ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही आज्ञा विसरूं नये. चालू नियम यंत्राच्या क्षणिक स्मृतींत असतात. ह्या आज्ञेनें ते कायमच्या स्मृतींत जातात. ती दिली नाहीं आणि वीज गेली, तर केलेलें सारें पुसलें गेलें असें समजावें. आपल्या भागांत वीज विचारून जात नाहीं, हें सांगणें नकोच.

४. पाहणीच्या आज्ञा

‘शो’ ह्या शब्दानें आरंभ होणाऱ्या आज्ञा कांहींएक बदलीत नाहींत. त्या केवळ दाखवितात. म्हणून विद्यार्थ्यांनीं शिक्षकांच्या समक्ष त्या निर्धास्तपणें द्याव्या.

‘शो स्विच’ म्हटल्यानें तिन्ही स्विचांची यादी येते. मुख्य कोण, पसंतीचा आंकडा किती व स्थिति काय, हें तींत दिसतें. स्थिति ‘रेडी’ असावी. ‘शो स्विच स्टॅक-पोर्ट्स’ म्हटल्यानें पाठीमागील प्रत्येक पोर्ट ‘ओके’ आहे कीं ‘डाउन’ हें कळतें. ‘शो स्विच स्टॅक-रिंग स्पीड’ ह्याच्या उत्तरांत कडें ‘फुल’ आहे कीं ‘हाफ’ हें स्पष्ट लिहिलेलें असतें. ‘शो इंटरफेसेस स्टेटस’ ही आज्ञा संगणकांच्या पोर्टांची हकीकत देते. ‘शो एन्व्हायरन्मेंट ऑल’ ही पंख्याची व उष्णतेची देते. वैशाखांत हिचें महत्त्व अधिक. ‘शो लॉगिंग’ म्हणजे यंत्रानें स्वतः लिहिलेली रोजनिशी होय. ह्या सहा आज्ञा देऊन उत्तरें वहींत टिपण्यास दहा मिनिटेंही लागत नाहींत.

५. आमची चूक

आमच्या वर्गांत अशी एक वही होती. आठवड्यास एकदां नववीचा एक विद्यार्थी पाहणी करून तींत लिही व आम्ही खालीं सही करीत असूं. एके आठवड्यांत त्यानें लिहिलें कीं, कडें ‘हाफ’ दाखवितें. तिसऱ्याचा एक पोर्ट ‘डाउन’ आहे. तो विचारावयासही आला. आम्हीं पाहिलें तों साठही संगणक व्यवस्थित चालू होते. “काम चाललें आहे ना? मग सुटीनंतर पाहूं,” असें म्हणून आम्हीं सही केली. मुलगा गप्प राहिला.

पुढें पंधरवडा झाला. संगणकावर घ्यावयाच्या सराव परीक्षेच्या दिवशीं सकाळीं, बांकें सरकवितांना, स्विचांच्या कपाटास धक्का बसला व दुसऱ्यातिसऱ्यांमधील केबल सैल झाली. कडें पूर्ण असतें तर कोणास पत्ताही लागला नसता. परंतु तें आधींच एके ठिकाणीं तुटलें होतें. आतां तिसरा स्विच दोघांपासून साफ वेगळा पडला. प्रश्नपत्रिका ज्या यंत्रावर होती तें पहिल्या स्विचास जोडलेलें. तिसऱ्याचीं वीस मुलें कोऱ्या पडद्यासमोर बसून राहिलीं. त्यांत वाड्यावस्त्यांवरून पहिल्या एस्. टी. नें आलेलीं मुलें होतीं.

आम्हीं ‘शो स्विच’ विचारलें. तिसऱ्याच्या ओळींत ‘रेडी’ नव्हतें. तिसऱ्यास कन्सोल जोडून विचारलें तों तो स्वतःसच मुख्य म्हणवीत होता! त्यांत त्याचा दोष नव्हता. नियमांची प्रत प्रत्येकाजवळ असते. मुख्य दिसेनासा झाला कीं उरलेले आपला नवा मुख्य निवडितात. मात्र आतां एकाच नांवाचे व एकाच पत्त्याचे दोन समूह झाले होते. दोघांसही बाहेरचा रस्ता असता तर घोटाळा ह्याहून मोठा झाला असता.

घाईंत आम्हीं केबल तशीच दाबून बसविली. तेव्हां दोन मुख्य समोरासमोर आले व त्यांत पसंतीचा आंकडा पाहिला गेला. पहिल्याचा १५ पूर्वींच ठरविलेला होता, म्हणून तो जिंकला. आणि हरलेला तिसरा, अशा वेळचा नियमच आहे त्याप्रमाणें, आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. त्यास कांहीं मिनिटें लागलीं. तो आंकडा ठरविलेला नसता तर कदाचित् तिसराच जिंकता, आणि परीक्षा चालू असलेल्या चाळीस मुलांचे दोन स्विच बंद पडते. तिसऱ्याची वीज आधीं बंद करून मग केबल बसवावी व नंतर वीज द्यावी, हा खरा मार्ग होता. तो आम्हांस ठाऊक होता. परंतु घाईंत आठवला नाहीं.

वीस मुलांस पुढें जादा वेळ देण्यांत आला व परीक्षा पार पडली. संध्याकाळीं आम्हीं ‘शो लॉगिंग’ पाहिलें. मुख्य स्विचाच्या रोजनिशींत पंधरवड्यापूर्वींची ओळ तशीच होती : तिसऱ्याचा कड्याचा पोर्ट ‘डाउन’ झाला. मग वही उघडली. तेथेंही तीच गोष्ट त्या मुलाच्या अक्षरांत होती, आणि तिच्याखालीं आमची सही होती. यंत्रानें सांगितलें होतें, विद्यार्थ्यानें सांगितलें होतें; ऐकलें नव्हतें तें आम्हीं. दुसऱ्या दिवशीं वर्गासमोर आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली.

६. तात्पर्य

जेथें एकाऐवजीं दोन वाटा असतात, तेथें पहिली वाट बंद पडल्याचें कोणास जाणवत नाहीं. हाच दुसऱ्या वाटेचा गुण, व हाच तिचा धोका. पहिला बिघाड शांतपणें येतो. काम चालू असतें आणि आपण निश्चिंत राहतों. दुसरा बिघाड आला म्हणजे एकदम सर्व कोसळतें, व आपण त्यासच दोष देतों. म्हणून राखीव सोय केली कीं काम संपलें असें नव्हे. ती शाबूत आहे कीं नाहीं हें विचारीत राहण्याचें काम तेथून सुरू होतें. राजेवाडीच्या तलावासारखे बांध पाण्यानें तुडुंब भरलेले पाहून आपणांस आनंद होतो. पण बांधावरून फिरून ओल कोठें पाझरते हें पाहणारा कोणी असतो, म्हणूनच तो आनंद टिकतो.

आतां आमच्या वहींत एक नवा रकाना आहे : “काय केलें?” तो भरल्यावांचून आम्ही सही करीत नाहीं. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलानें घरीं येऊन एखादी लहानशी उणीव सांगितली, तर काम चाललें आहे ना, असें म्हणून त्यास वाटेस लावूं नये. एकदां उठून पाहावें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. तीन स्विचांचें कडें एके ठिकाणीं तुटलें तर काय होईल? दोन ठिकाणीं तुटलें तर काय होईल? आकृति काढून सांगा.
२. पसंतीचा आंकडा कोणाचाच ठरविला नाहीं तर कोणता धोका संभवतो?
३. तुमच्या घरीं अथवा गांवीं अशी कोणती राखीव सोय आहे कीं जी मोडली तरी लगेच कळणार नाहीं? ती शाबूत आहे हें तुम्हीं शेवटचें केव्हां पाहिलें?