स्वयंसेवक नायक आणि नियमपालन

‘स्वयंसेवक’ हा शब्द आपण नित्य ऐकतो. जत्रेत यात्रेकरूंना पाणी देणारा, पुराच्या वेळी धान्याची पोती वाहणारा, शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांना जागा दाखविणारा, हे सर्व स्वयंसेवकच होत. या शब्दाची फोड केली, तर ‘स्वयं’ म्हणजे आपण होऊन व ‘सेवक’ म्हणजे सेवा करणारा, असा सरळ अर्थ निघतो. परंतु याच अर्थातून पुष्कळांची एक चुकीची समजूत होते. जो आपण होऊन आला त्याला नियम कोण लावणार? जो वेतन न घेता राबतो त्याच्याकडे जाब कोण मागणार? बालवीर आणि वीरबाला यांची, म्हणजे ज्यांना आज आपण स्काऊट व गाइड म्हणतो त्यांची पथके चालविणारे नायक बहुतेक असेच स्वयंसेवक असतात. म्हणून हा प्रश्न त्यांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : सेवा पत्करावी की न पत्करावी हे ज्याच्या त्याच्या इच्छेवर असते; पण एकदा ती पत्करल्यावर तिचे नियम पाळणे हे इच्छेवर राहत नाही, आणि ते नियम सर्वांत आधी नायकाने पाळावयाचे असतात.

शिस्तबद्ध स्वयंसेवक ही कल्पना हुबळी-धारवाडास परकी नाही. इतकेच नव्हे, तर तिचा भारतातील एक मोठा प्रयोग याच भूमीत झाला. डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर यांचा जन्म १८८९ साली धारवाड येथे झाला. कलकत्त्यास वैद्यकाचे व पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण त्यांनी घेतले. अमेरिकेत लाला लजपतराय यांच्याबरोबर काम करून १९२१ साली ते स्वदेशी परतले आणि हुबळी हे त्यांनी आपले कार्यक्षेत्र केले. १९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. तिरंगी ध्वज घेऊन मिरवणूक काढण्यास सरकारने बंदी केली होती. ती मोडण्यासाठी देशाच्या निरनिराळ्या भागांतून सत्याग्रही गेले व तुरुंगात पडले. तुरुंगातील जाच असह्य होऊन अनेकांनी माफी लिहून दिली. हुबळीहून गेलेल्या स्वयंसेवकांनी मात्र माफी मागितली नाही. ही गोष्ट राष्ट्रसभेच्या पुढाऱ्यांच्या नजरेत भरली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात काकीनाडा येथील अधिवेशनाच्या वेळी हिंदुस्थानी सेवा मंडळाची स्थापना झाली. पुढे ‘हिंदुस्थानी सेवा दल’ म्हणून प्रसिद्ध पावलेली संस्था ती हीच.

या संस्थेला विरोधही झाला, आणि तो स्वकीयांकडून झाला. पंडित जवाहरलाल नेहरू यांनी आपल्या आत्मचरित्रात त्याची हकीकत दिली आहे. कवायत व शिस्त यांमुळे राष्ट्रसभेत लष्करी वृत्ती शिरेल, असे काहींना वाटे. स्वयंसेवकांनी पावलाला पाऊल जुळवून चालावे हेसुद्धा काहींना रुचत नव्हते. शिक्षण मिळालेला स्वयंसेवक अहिंसेस विसंगत आहे, अशीही शंका काहींच्या मनात होती. हर्डीकरांनी या टीकेला कामानेच उत्तर दिले. १९२४ साली बेळगावास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरले, तेव्हा हर्डीकरांच्या शिस्तबद्ध स्वयंसेवकांनी तेथे सेवा केली. हुबळीच्या उमाबाई कुंदापूर यांनी दीडशेंहून अधिक स्त्रियांना स्वयंसेविका म्हणून उभे केले. त्यांत विधवा स्त्रियाही होत्या. ज्या काळी विधवेने उंबरठा ओलांडणे कठीण होते, त्या काळी त्यांना कोणत्या विश्वासावर घराबाहेर पाठविले गेले असेल, याचा विचार करण्याजोगा आहे. जेथे कोणी कोठे थांबावे, कोणाच्या सांगण्यावरून जावे व कोणास उत्तर द्यावे हे ठरलेले असते, तेथेच माणसे आपल्या मुली-सुना निःशंकपणे पाठवितात. शिस्त लागलेला स्वयंसेवक अधिक कार्यक्षम आणि अधिक अहिंसकही होऊ शकतो, हे हर्डीकरांनी वर्षानुवर्षांच्या परिश्रमाने दाखवून दिले, असा निर्वाळा पुढे नेहरूंनीही दिला.

हर्डीकरांच्या चरित्रातील आणखी एक प्रसंग आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद वाटतो. १९३१ साली राष्ट्रसभेच्या कार्यकारिणीने सेवा दलास आपली अधिकृत स्वयंसेवक संघटना म्हणून मान्यता दिली. मान्यता आली तशी देखरेखही आली. आठ वर्षे आपल्या कष्टाने वाढविलेली संस्था दुसऱ्यांच्या नियंत्रणाखाली देणे सोपे नसते. परंतु जो मुलांना व तरुणांना आज्ञापालन शिकवितो, त्याने स्वतः कोणाच्या तरी आज्ञेत राहिले पाहिजे. नाहीतर त्याच्या कवायतीस केवळ हातापायांच्या हालचालीपलीकडे अर्थ उरत नाही.

सेवा दल ही बालवीर संघटना नव्हे. तिचे कार्य राष्ट्रीय लढ्याशी निगडित होते. तथापि तिच्या इतिहासातून मिळणारा धडा बालवीर चळवळीसही लागू पडतो. त्या चळवळीची हकीकत आपण थोडक्यात पाहू. १९०७ साली लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडातील ब्राउन्सी बेटावर काही मुलांचे प्रायोगिक शिबिर भरविले व दुसऱ्या वर्षी ‘स्काऊटिंग फॉर बॉईज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. १९०९ साली बंगळूर येथे भारतातील पहिले पथक निघाले. पण आरंभी भारतीय मुलांस त्यात प्रवेश नव्हता. तेव्हा डॉ. ॲनी बेझंट यांनी, तसेच पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळे प्रवाह एकत्र येऊन ‘भारत स्काऊट्स आणि गाइड्स’ ही संस्था जन्मास आली व १९५१ च्या १५ ऑगस्टला गाइड संघटनाही तीत सामील झाली. पथकात येणारे मूल जी प्रतिज्ञा घेते, तीच त्याचे नायकही घेतात. ईश्वर अथवा धर्म व देश यांविषयीचे कर्तव्य, इतरांना साहाय्य आणि स्काऊटच्या नियमांचे पालन ही तिची तीन अंगे होत. मुलांसाठी एक प्रतिज्ञा व मोठ्यांसाठी सवलतीची दुसरी, असा प्रकार येथे नाही.

आता नियमांकडे वळू. नियम म्हटला की मुलांच्या चेहऱ्यावर नाराजी दिसते, आणि खरे सांगावयाचे तर मोठ्यांच्या चेहऱ्यावरही दिसते. परंतु चांगल्या नियमाच्या पोटात एखादे शहाणे कारण असते. पथकात साधारणतः बत्तीसाहून अधिक मुले असू नयेत, असे बेडन-पॉवेल यांनी सुचविले. त्याचे कारण देताना ते विनोदाने सांगतात की, स्वतःस सोळाच मुलांकडे नीट लक्ष देता येते; इतर लोक आपल्याहून दुप्पट कुशल असतील असे धरून आपण बत्तीस हा आकडा ठरविला! विनोद बाजूला ठेवला तरी कारण उघड आहे. नायकास प्रत्येक मुलाचे मन जाणता आले पाहिजे. संचलनात शंभर मुले शोभून दिसतात. पण त्या शंभरांतील एक मूल आठवडाभर गप्प आहे, हे एकट्या नायकाच्या ध्यानात येणार नाही.

दुसरा नियम पाण्याचा आहे. शिबिरात मुले पोहत असताना दोन पट्टीचे पोहणारे पहाऱ्यावर ठेवावेत, त्यांनी पाण्यात उतरण्याच्या तयारीने उभे राहावे आणि इतर सर्व बाहेर येईपर्यंत स्वतः पोहू नये, असे बेडन-पॉवेल यांनी सांगून ठेवले आहे. सर्वांत चांगला पोहणारा काठावर, आणि कच्चे पोहणारे पाण्यात! ऊन तापलेले आहे, पाणी समोर आहे, तरी त्याने उभेच राहावयाचे. नायकपण म्हणजे काय, हे आम्हांस या एका नियमात जितके स्पष्ट दिसते तितके मोठमोठ्या व्याख्यानांत दिसत नाही.

तिसरा नियम मुलांच्या संरक्षणाचा. शिबिरास अथवा सहलीस एकच प्रौढ व्यक्ती नसावी, निदान दोन असाव्यात. कोणाही मोठ्या माणसाने मुलास एकांतात, इतरांच्या दृष्टीआड नेऊ नये. झोपण्याची व्यवस्था मुलांची निराळी व मोठ्यांची निराळी असावी. अशा प्रकारचे नियम आज जगभरच्या बालवीर संघटना मानतात. ‘आमच्यावर तुमचा विश्वास नाही काय?’ असे काही सज्जन नायक विचारतात. त्यांचा राग आम्ही समजू शकतो. परंतु त्यांनी असा विचार करावा की, सज्जन जर स्वतःस नियमातून वगळू लागले, तर दुर्जनासही तीच वाट मोकळी होते. नियम सर्वांना सारखा असला म्हणजेच तो मोडणारा चटकन डोळ्यांत भरतो. शिवाय त्याच नियमाने निरपराध नायकाचेही खोट्या आळापासून रक्षण होते.

या नियमांची उपेक्षा झाली म्हणजे काय होते, याचे दुःखद उदाहरण अमेरिकेने पाहिले आहे. तेथील बालवीर संघटनेकडे मुलांवर अत्याचार केल्याचा संशय असलेल्या स्वयंसेवकांच्या गुप्त नोंदी अनेक दशके होत्या. त्यांतील कित्येक प्रकरणे पोलिसांपर्यंत गेलीच नाहीत; संस्थेच्या नावास बट्टा लागू नये, म्हणून ती झाकली गेली. २०१२ साली न्यायालयाच्या आज्ञेने त्यांतील हजारो पृष्ठे प्रसिद्ध झाली. २०२० साली त्या संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्यानंतर ब्याऐंशी हजारांहून अधिक व्यक्तींनी भरपाईचे दावे दाखल केले. जे नाव जपण्यासाठी मौन धरले, ते नाव मौनानेच घालविले. आणि त्याहूनही मोठी हानी म्हणजे हजारो मुलांचे बालपण करपले. आपल्या देशात २०१२ साली लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा झाला. असा अपराध घडल्याचे ज्या प्रौढास कळेल, त्याने तो पोलिसांस कळविलाच पाहिजे. न कळविणे हाही गुन्हा आहे. नायक, मुख्याध्यापक, शिपाई यांपैकी कोणीही यास अपवाद नाही.

तथापि नियमाची खरी कसोटी मोठ्या संकटात लागत नाही. ती लहानशा अडचणीत लागते. समजा, दांडेलीकडे काळी नदीच्या काठी तीन दिवसांचे शिबिर ठरले आहे. बसचे भाडे दिलेले आहे, तांदूळ-डाळ बांधून झाली आहे, आणि निघण्याच्या पहाटे बरोबर येणाऱ्या दुसऱ्या शिक्षकांच्या घरी आजारपण उद्भवते. मुले पाठीवर पिशव्या अडकवून उभी आहेत. पालक म्हणतात, “गुरुजी, तुम्ही आहात ना? मग झाले!” या वेळी नायकाने काय करावे? दुसरी जबाबदार व्यक्ती मिळाली तर उत्तमच. न मिळाली तर शिबिर पुढे ढकलावे. मुले रडतील, पैसे बुडतील, चार लोक नावे ठेवतील. हे सर्व सोसण्याची तयारी हाच स्वयंसेवकाचा खरा त्याग होय. रविवार सकाळ खर्च करणे त्यामानाने सोपे आहे.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “नियमच चुकीचा असेल तर? नागपुरास हुबळीच्या स्वयंसेवकांनी सरकारी हुकूम मोडला, त्याचा तर आपण गौरव करतो!” प्रश्न रास्त आहे. पण त्यांनी तो हुकूम कसा मोडला ते पाहावे. तो उघडपणे मोडला, कारण सांगून मोडला आणि त्याची शिक्षा स्वतः भोगली; आपल्या सोयीसाठी, कोणी पाहत नाही असे बघून मोडला नाही. शिवाय सत्याग्रहाचे जे नियम त्यांनी स्वतः पत्करले होते, ते त्यांनी तुरुंगातही सोडले नाहीत. संस्थेचा एखादा नियम कालबाह्य झाला असेल, तर नायकाने वरिष्ठांस लिहावे, सभेत बोलावे, मतपरिवर्तन घडवावे. आणि ते होईपर्यंत नियम पाळावा. नियम मुलांच्या जिवाविषयीचा असेल, तर त्याची परीक्षा मुलांच्या जिवावर करून पाहण्याचा अधिकार कोणासही नाही. मात्र अन्याय झाकण्याची आज्ञा कोणी दिली, तर ती पाळण्याचे बंधन कोणावरही नाही.

हुबळी-धारवाडातील आपल्या कित्येक घरांत कोंकणी किंवा मराठी, बाजारात कन्नड आणि शेजारी उर्दू अशी भाषांची ये-जा असते. अशा गावातील पथकात निरनिराळ्या घरांची मुले एकाच ध्वजाखाली उभी राहतात. त्यांना एकत्र ठेवणारी गोष्ट म्हणजे सर्वांना सारखा लागणारा नियम. नायकाच्या मुलास एक न्याय व इतरांच्या मुलांस दुसरा, असे एकदा जरी दिसले, तरी पथक गणवेशापुरतेच एक राहते.

पालकांस आमची विनंती आहे की, शिबिराच्या संमतिपत्रावर न वाचता सही करू नये. बरोबर कोण येणार, किती मोठी माणसे असणार, पाण्याजवळ व्यवस्था काय, औषधांची पेटी कोणाजवळ, हे विचारावे. चांगल्या नायकास अशा प्रश्नांचा राग येत नाही. उलट त्याचा भार हलका होतो. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही एक लक्षात ठेवा. आज्ञापालन हा गुण आहे. पण नायकाची आज्ञाही नियमाच्या आत असावी लागते. कोणी मोठ्या माणसाने ‘हे घरी सांगू नकोस’ असे म्हटले, तर ते घरी अवश्य सांगा. घरी सांगता येत नसेल तर विश्वासाच्या शिक्षकांना सांगा, किंवा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर दूरध्वनी करा. त्यात बेशिस्त नाही.

उद्या तुमच्यापैकीच काही जण टोळीनायक होतील, आणखी काही वर्षांनी पथकांचे नायक होतील. त्या वेळी मुले तुमची भाषणे थोडीच लक्षात ठेवतील. पण तुम्ही वेळेवर आलात की नाही, रांगेत स्वतः उभे राहिलात की नाही, सर्वांचे जेवण झाल्यावर ताट घेतलेत की नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटणार नाही. म्हणून नायक होण्याची इच्छा धरणाऱ्याने नियमपालनाचा अभ्यास आजपासूनच, टोळीत शेवटच्या रांगेत उभे असतानाच, सुरू करावा, अशी आमची सर्वांस आग्रहाची सूचना आहे.